पंखा जड झाला तेव्हा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी इतिहासावर लिहायचं ठरवलं. हे वाचून इतिहासाच्या बाई हसतील. सनावळ्यांच्या बाबतीतली माझी कीर्ती त्यांना चांगली ठाऊक आहे. पण हा इतिहास राजांचा किंवा तहांचा नाही. आपण सगळे ज्या होड्या बघत वाढलो, त्यांच्या मागे पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याचा आहे. इंग्रजीत त्याला प्रोपेलर म्हणतात, आपल्या किनाऱ्यावर पंखाच म्हणतात. तो मी वाचला तो माझ्या एका चुकीमुळे, म्हणून ती चूक आधी सांगते.

आपल्या वर्गातला एक मित्र देवबागेत पर्यटकांची होडी चालवतो. नाव छापायचं नाही असं त्याने बजावलं आहे. जे ओळखतील त्यांनी ओळखावं. फायबरची होडी, मागे चाळीस अश्वशक्तीचं आउटबोर्ड मशीन. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्याचा पुण्याला फोन आला. डॉल्फिन बघायला जाताना इतरांच्या होड्या त्याच्या पुढे जात होत्या, आणि पंखा बदलायचं त्याच्या मनात होतं. "तू इंजिनेर मां? मगे सांग माका, खयचो पंखो घेव?"

मी इंजिनिअर आहे हे खरं, पण सॉफ्टवेअरची. तरी पदवीचा मान राखायचा म्हणून कागद घेतला. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत शिरतो, तसाच पाण्यात पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे जायला हवा, तेवढा त्याचा पिच. मित्राच्या पंख्याचा पिच होता १२ इंच, म्हणजे एका फेऱ्याला एक फूट. मशीन मिनिटाला ५,००० फेरे घेतं, गिअरमध्ये ते निम्मे होऊन पंख्याला २,५०० मिळतात. म्हणजे मिनिटाला २,५०० फूट, तासाला दीड लाख फूट. सागरी मैल ६,०७६ फुटांचा, म्हणजे वेग पावणेपंचवीस नॉटच्या आसपास. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, पंखा त्यात घसरतो, म्हणून प्रत्यक्ष वेग यापेक्षा कमी. पण पिच वाढला तर वेग वाढणार, हे तर सरळ गणित. मी सांगितलं, "१४चा घे."

त्याने घेतला. एकटाच होडीत बसून, सकाळच्या शांत खाडीत त्याने चालवून पाहिलं आणि लगेच फोन केला. वेग दोन नॉटने वाढला होता. मी एक्सेलची फाइल जपून ठेवली.

डिसेंबरच्या गर्दीत तो दहा पर्यटकांना घेऊन समुद्रावरून परत येत होता. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी सुकती चालू होती. नदीचं पाणी जोरात बाहेर येत होतं आणि मागून समुद्राच्या लाटा आत येत होत्या. अशा वेळी होडी एका लाटेच्या पाठीवर ठेवायची आणि तिच्याच वेगाने आत यायचं, हे तिथल्या कुठल्याही तांडेलाला माहीत असतं. मित्रालाही होतं. पण त्याने मूठ पूर्ण पिळली तरी होडी उचललीच नाही. मशीन घुमत राहिलं, नाळ आकाशाकडे, मागची बाजू पाण्यात रुतलेली. मागची लाट होडीला गाठून आत आली. दुसरीही आली. माणसं किंचाळली, एक लहान मुलगी आईच्या जॅकेटला धरून बसली. शेजारून जाणाऱ्या होडीने दोर टाकला आणि सगळे सुखरूप आत आले. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवसानंतर आठ दिवस त्याने होडी काढली नाही.

किनाऱ्यावर त्याच्या काकांनी मशीन वर उचलून पंख्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "पंखो जड झालो हा. इंजिनाक दम लागता." आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस. माझ्या सगळ्या गणितात जे नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मी धरलं होतं की पंखा कोणताही लावा, मशीन ५,००० फेरे घेणारच. पण पिच वाढला की प्रत्येक फेऱ्यात जास्त पाणी ढकलावं लागतं. होडी रिकामी असताना ते जमलं. दहा माणसं बसल्यावर मशीन ४,२००च्याही वर जाईना, आणि फेरे कमी झाले की मशीनची ताकदही कमी होते.

त्यानंतर मी वाचायला बसले. वाचताना कळलं, की पंख्याचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे माझ्यासारख्याच चुकांची आणि त्या दुरुस्त करणाऱ्यांची रांग आहे.

पंख्याच्या आधी आगबोटींना चाकं असत, दोन्ही बाजूंना रहाटासारखी. आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर 'ह्यू लिंडसे'. मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली ४११ टनांची ही चाकांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझला निघाली. पहिला टप्पा एडन. वाटेत कोळसा मिळणार नाही म्हणून जागा मिळेल तिथे कोळसा भरलेला. एडनला पोचेपर्यंत तो जवळजवळ संपला होता. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली.

चाकांची अडचण इथेच आहे. निघताना बोट कोळशाने जड, म्हणून चाकं खोल बुडतात आणि मशीन दमतं. पोचेपर्यंत बोट हलकी होते, चाकं वर येतात आणि पाण्याला नीट लागत नाहीत. समुद्र खवळला आणि बोट एका अंगावर कलली तर एक चाक बुडतं, दुसरं हवेत फिरतं. म्हणजे ओझं बदललं की यंत्राचं गणित बदलतं, हे तेव्हाही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पंखा मागे, पाण्याच्या खाली ठेवायचा, ही कल्पना म्हणूनच पुढे आली.

ती एकाच माणसाला सुचली असं नाही. ऑस्ट्रियाच्या योसेफ रेसेल या वन खात्यातल्या माणसाने १८२७ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८२९मध्ये त्रिएस्त बंदरात 'चिवेत्ता' नावाची बोट चालवून दाखवली. पंखा चालला, पण वाफेची नळी फुटली आणि पोलिसांनी पुढचे प्रयोग बंद केले. दोष नळीचा होता, शिक्षा पंख्याला झाली.

मग १८३६. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने ३१ मे रोजी पेटंट घेतलं, आणि सहा आठवड्यांनी जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरने आपलं वेगळं. स्मिथचा पंखा आजच्यासारखा नव्हता. आर्किमिडीजच्या पाणी उपसायच्या स्क्रूसारखा, लाकडी, पूर्ण दोन वेढ्यांचा. वेढे जास्त तर जोर जास्त, हा त्याचा हिशेब. आमच्या "पिच जास्त तर वेग जास्त"चा सख्खा भाऊ! १८३७च्या फेब्रुवारीत लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात त्याची छोटी बोट चालली असताना स्क्रू कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटून गेला. उरला एकच वेढा. आणि बोट पहिल्यापेक्षा जोरात पळाली.

कारण नंतर समजलं. दुसरा वेढा पहिल्याने आधीच ढवळलेल्या पाण्यात फिरत होता. जोर थोडा, घर्षण मात्र पुरेपूर. स्मिथचं मोठेपण मला यात वाटतं, की तुटलेला तुकडा पुन्हा जोडण्याऐवजी त्याने पुढचा पंखाच एका वेढ्याचा केला. निरीक्षण त्याच्या सिद्धांताच्या विरुद्ध गेलं, तेव्हा त्याने सिद्धांत सोडला.

एरिक्सनला उलटा अनुभव आला. १८३७ साली त्याने नौदलाच्या बड्या अधिकाऱ्यांची नाव आपल्या पंख्याच्या बोटीने थेम्स नदीत ओढून दाखवली. सगळं डोळ्यांदेखत झालं, तरी मागून ढकललेली बोट सुकाणूला दाद देणार नाही, हे त्यांचं मत बदललं नाही. एरिक्सन अमेरिकेला गेला आणि तिथल्या नौदलाची पहिली पंख्याची युद्धनौका, 'प्रिन्स्टन', त्याच्या आराखड्यावर झाली.

स्मिथच्या बाजूने पुढे 'आर्किमिडीज' नावाची मोठी बोट बांधली गेली. तेव्हा इसंबार्ड ब्रुनेल हा नावाजलेला इंजिनिअर 'ग्रेट ब्रिटन' ही लोखंडी आगबोट बांधत होता. तिला चाकंच लावायची, असं ठरलेलं होतं. १८४०मध्ये त्याने 'आर्किमिडीज' काही महिने मागून घेतली, तिला वेगवेगळे पंखे लावून पाहिले, आणि मग अर्ध्या बांधकामात चाकं रद्द करून पंखा घेतला. १८४३ साली पाण्यात उतरलेल्या त्या बोटीचा पंखा सहा पात्यांचा आणि साडेपंधरा फूट व्यासाचा होता. इतकं करूनही अटलांटिक पार करताना त्याची पाती तुटली, आणि पुढे चार पात्यांचा पंखा बसवावा लागला. ब्रुनेलचा पहिला पंखा बदलावा लागला हे वाचून मला थोडा धीर आला, हे लपवत नाही.

ब्रिटिश नौदलानेही शेवटी हाच रस्ता धरला. 'रॅटलर' या नौकेवर १८४३पासून एकामागून एक पंखे लावून चाचण्या झाल्या. पंख्याची लांबी टप्प्याटप्प्याने कापत नेली. ३ एप्रिल १८४५ रोजी 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' पाठीला पाठ लावून दोराने बांधल्या आणि रस्सीखेच लावली. पंख्याच्या नौकेने चाकांच्या नौकेला, तिचं मशीन पूर्ण जोरात चालू असताना, अडीच नॉटपेक्षा जास्त वेगाने उलट ओढत नेलं. पुस्तकांत हे चित्र हटकून असतं. पण तोवर नौदलाचा निर्णय जवळपास झालेला होता. खरं काम त्याआधीच्या दोन वर्षांच्या कंटाळवाण्या चाचण्यांनी केलं होतं, ज्यांचं चित्र कोणी काढत नाही.

मशीनं वेगवान झाली तसा नवा प्रश्न आला. १८९४ साली चार्ल्स पार्सन्सने आपली टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' पाण्यात उतरवली. मशीन अफाट, पण बोट वीस नॉटलाही पोचेना. पंखा इतक्या जोरात फिरत होता, की पात्यांच्या पाठीमागे दाब एकदम घटायचा आणि थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे व्हायचे. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरू लागतो, आणि ते बुडबुडे फुटतात तेव्हा धातूलाही खड्डे पडतात. पार्सन्सने एक छोटी टाकी केली, त्यात इवलासा पंखा फिरवला आणि बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग एका दांड्याऐवजी तीन दांडे, प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवून काम वाटून दिलं. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या समारंभात जमलेल्या नौदलासमोरून 'टर्बिनिया' ३४ नॉटने गेली. तिला गाठणारी बोट तिथे नव्हती.

इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टींत एक समान आहे. बोट कोणती, तिचं वजन किती, मशीन कोणतं, हे पंखा करणाऱ्याला माहीत असायचं. आउटबोर्डने हे मोडलं. अमेरिकेत कॅमरन वॉटरमनने अशी मशीनं आधीच विकायला काढली होती, पण ती घरोघरी नेली मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिनरूड याने. भावी पत्नी बेससाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना ते वल्हवता वल्हवता वितळलं आणि त्याला मशीनची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्याने विकलेलं मशीन दीड अश्वशक्तीचं आणि ६२ पौंडांचं, म्हणजे २८ किलोचं होतं. एक माणूस उचलून कोणत्याही होडीच्या मागे अडकवू शकेल असं.

सोय मोठी झाली. पण 'कोणत्याही होडीला' या दोन शब्दांत सगळी मेख आहे. कारखान्यातून मशीन एका खोक्यात निघतं आणि ते कुठे जाणार हे कारखान्याला माहीत नसतं. एक मासे भरलेल्या होडीला लागतं, एक दहा पर्यटकांच्या, एक एकट्या हौशी माणसाच्या. ब्रुनेलने आणि नौदलाने महिनोन्‌महिने चाचण्या करून घेतलेला निर्णय आता मालकाच्या गळ्यात आला. आणि आपल्यासारखे लोक तो दुकानातल्या गप्पांवर किंवा वर्गमैत्रिणीच्या एक्सेलवर घेतात.

त्या वर्षी संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा आम्ही तो निर्णय नीट घ्यायचं ठरवलं. मशीनच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, की मूठ पूर्ण पिळल्यावर मशीनने किती ते किती फेरे घ्यायला हवेत. याच्या मशीनला ४,५०० ते ५,५००. या पट्ट्याच्या खाली राहिलं तर पंखा जड, मशीन दमतं, तापतं आणि आतून लवकर झिजतं. वर गेलं तर पंखा हलका, मशीन उगाच पळतं. पिच एक इंच कमी केला की फेरे साधारण दीडशे ते दोनशे वाढतात. आणि मोजायचं ते नेहमीच्या ओझ्यासह, एकट्याने नव्हे. सगळी विद्या एवढीच.

आम्ही होडीत दहा माणसांच्या वजनाएवढ्या रेतीच्या गोण्या ठेवल्या. ओळखीच्यांकडून ११चा पंखा उसना आणला. काका सुकाणूवर, मित्र पंखे बदलायला आणि मी वही घेऊन. भरलेल्या होडीला १४चा पंखा ४,१५० फेऱ्यांवर अडला, वेग ११ नॉट, होडी उचललीच नाही. जुना १२चा ४,६०० फेरे आणि १५ नॉट. ११चा ४,८५० फेरे आणि १६ नॉट, आणि मूठ पिळताच होडी झटकन उचलली. रिकाम्या होडीला मात्र ११चा पंखा सर्वांत सावकाश. म्हणजे ज्या वेगासाठी मी १४चा सुचवला, तो फक्त कोणी बसलेलं नसताना मिळणारा होता. त्याच्या धंद्यात रिकामी होडी म्हणजे त्या दिवशी कमाई नाही!

मित्राने ११चा ठेवला. स्टेनलेस स्टीलचा घ्यावा का, हाही विचार झाला. त्याची पाती पातळ आणि ताठ असतात, वेग थोडा वाढतो. पण आपल्या किनाऱ्यावर खडक कुठे लागेल याचा नेम नाही. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि धक्का खाऊन टाकतं. स्टीलचं वाकत नाही, धक्का आतल्या गिअरकडे जाऊ शकतो. म्हणून ॲल्युमिनियमच घेतला, आणि १२चा सुटा म्हणून होडीत ठेवला. १४चा माझ्या पुण्याच्या टेबलावर आहे. मीच मागून घेतला.

आता शेवटी शाळा. विज्ञानाच्या बाई प्रयोगवही तपासताना काय करायच्या आठवतं? साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपण बहुतेकजण गाइडमधून अनुमान आधी उतरवायचो आणि त्याला जुळतील असे आकडे निरीक्षणात भरायचो. बाई ते बरोबर ओळखायच्या आणि पानावर तिरकी रेघ मारून म्हणायच्या, "आधी बघ, मग लिही." माझ्या वहीत अशा रेघा बऱ्याच होत्या. पदवी घेतली, नोकरीत वीस वर्षं काढली, आणि त्या डिसेंबरात मी पुन्हा अनुमान आधी लिहिलं. या वेळी रेघ लाटेने मारली, आणि होडीत दहा माणसं होती.

बाई, त्या संक्रांतीच्या चाचणीची वही मी स्नेहमेळाव्याला घेऊन येणार आहे. तीन पंखे, रिकामी होडी आणि भरलेली होडी, सगळं ओळीने लिहिलं आहे. निरीक्षण आधी आहे. तपासून सही कराल का?